काळजाचा ठोका आणि एक छोटी गोळी



जुलै उजाडला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. ताप, लेप्टो, डासांचे आजार, पोटाच्या तक्रारी यांनी टपाल भरून जाते. यंदा मात्र सांताक्रूझ पूर्वेहून, वाकोल्याच्या एका भगिनींचे चार पानी पत्र आले. त्यात पावसाळ्याचा उल्लेख आहे, पण तो आजाराचा नव्हे, एका आठवणीचा आहे. त्यांच्या संमतीने, नाव न छापता, त्या पत्राचा गोषवारा आपल्यापुढे ठेवतो. कारण त्यांनी विचारलेले तीन प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरातले आहेत.

त्यांच्या यजमानांना २००३ साली हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून इतर औषधांबरोबर मेटोप्रोलॉल नावाची गोळी सुरू झाली. २६ जुलै २००५ रोजी ते अंधेरीला कार्यालयात होते. त्या दिवशीचा पाऊस सांताक्रूझकरांना सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर होता. लोकल बंद, वीज नाही, मोबाइल मुके. यजमान दोन रात्री कार्यालयातच अडकले. गोळ्यांची पट्टी घरी, कपाटातल्या डब्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पायीच निघाले, गुडघाभर पाण्यातून घरी पोहोचले, मुलगा सुखरूप आहे हे पाहून उंबऱ्यावरच बसले. संध्याकाळी छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत नेले, पुढे मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठले. ते वाचले.

आता भगिनींचे प्रश्न. पहिला: “दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या एवढ्यानेच हे झाले का?” दुसरा: “परवा आमच्या इमारतीत आग लागल्याची आरडाओरड झाली. माझे काळीज तोंडाशी आले. हे मात्र शांत. म्हणतात, मला हल्ली धडधडतच नाही. गोळीने यांचे हृदय दगडाचे तर केले नाही ना? आता ती बंद करावी, असे यांच्या मनात आहे.” आणि तिसरा, शेवटच्या पानावर, जरा संकोचाने लिहिलेला: “कलिन्याला शिकणारा आमचा मुलगा तोंडी परीक्षेला जाताना वडिलांच्या पट्टीतली एक गोळी घेऊन गेला, असे मला नंतर कळले. त्याला लहानपणी दमा होता. हे चालते का?”

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तातडीचे आहे, म्हणून ते आधी देतो: नाही, चालत नाही. का, ते पुढे येईलच.

भीतीची भाषा

वैद्यकशास्त्राला भीतीचे शरीर कळण्याच्या कितीतरी आधी ते आपल्या मराठीला कळले होते. काळजाचा ठोका चुकतो. छातीत धडधडते. हात थरथर कापतात. अंगावर काटा येतो. हातपाय गार पडतात. दरदरून घाम फुटतो. तोंडाला कोरड पडते. हे वाक्प्रचार म्हणजे अचानक आलेल्या मानसिक ताणाचे जवळजवळ संपूर्ण लक्षणचित्र आहे. ही यादी लक्षात ठेवावी. कारण यातल्या कोणत्या लक्षणांवर गोळी चालते आणि कोणत्यांवर नाही, यातच आपल्या विषयाचे सारे मर्म आहे.

संकटाची चाहूल लागताच मेंदूकडून दोन वाटांनी हुकूम सुटतो. पहिली वाट अनुकंपी चेतासंस्थेची. तिचे तंतू थेट हृदयापर्यंत जातात आणि तिथे नॉरॲड्रिनलिन सोडतात. त्याच वेळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन ओततात. हे सारे काही क्षणांत घडते. दुसरी वाट सावकाशीची, कॉर्टिसॉल या संप्रेरकाची. तिला काही मिनिटे लागतात. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर सज्ज करणे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली तो विस्ताराने मांडला.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. निवांत असताना आपले हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देते, ते कुणीतरी लगाम धरलेला असतो म्हणून. हा लगाम व्हेगस नावाच्या चेतातंतूच्या हाती असतो. लगाम नसता तर तरुण निरोगी हृदय आपल्या मूळ गतीने, शंभराच्या आसपास, चालले असते. भीतीच्या क्षणी टाच मारली जाते, तसाच हा लगामही सैल सुटतो. घोडा दुहेरी कारणाने उधळतो.

एक पदार्थ, अनेक कुलपे

मग एकच ॲड्रिनलिन छातीत धडधड, बोटांत गारवा आणि कातडीवर काटा अशी निरनिराळी कामे कशी करते? याचे उत्तर १९४८ साली अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी दिले. पेशींवर या पदार्थांसाठी वेगवेगळे ग्राही असतात, असे त्यांनी दाखवले. ग्राही म्हणजे कुलूप, ॲड्रिनलिन ही किल्ली. कुलपांचे त्यांनी दोन वर्ग केले, अल्फा आणि बीटा. पुढे बीटाचेही पोटभेद निघाले. हृदयात प्रामुख्याने बीटा-१. फुप्फुसांतील श्वासनलिका आणि स्नायूंच्या रक्तवाहिन्या यांत बीटा-२. कातडीच्या रक्तवाहिन्यांत व केसांच्या मुळाशी असलेल्या चिमुकल्या स्नायूंत अल्फा.

अल्क्विस्ट यांच्या या कल्पनेकडे बरीच वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. ती उचलली ती जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने. ब्लॅक यांच्या वडिलांना हृदयशूळ होता. मोटारीच्या एका अपघातानंतर, त्या धसक्यापाठोपाठ आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. मानसिक धक्का हृदयाला इतका महाग का पडावा, हा प्रश्न मुलाच्या मनात घर करून राहिला.

त्या काळी हृदयशूळावर विचार होई तो एकाच दिशेने: हृदयाला रक्त कमी पडते ना, मग रक्तपुरवठा वाढवणारे औषध शोधा. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला. आपल्या इमारतींतील सदस्यांना हे चटकन समजेल. टाकीत पाणी कमी येते तेव्हा एक तर महापालिकेकडून पाणी वाढवून घ्यावे लागते किंवा घराघरातला वापर कमी करावा लागतो. ब्लॅक यांनी दुसरा मार्ग धरला: हृदयाची प्राणवायूची मागणीच कमी करायची, म्हणजे ॲड्रिनलिनची किल्ली बीटा कुलपात शिरण्याआधीच तिथे दुसरे काहीतरी अडकवून ठेवायचे. १९५८ साली ते इंग्लंडमधील आयसीआय या रसायन कंपनीत दाखल झाले. पहिले औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांमध्ये गाठी निर्माण करते असे दिसल्यामुळे सोडून द्यावे लागले. दुसरे, प्रोप्रॅनोलॉल, १९६४-६५ च्या सुमारास वापरात आले आणि हृदयरोगाच्या उपचाराची दिशा बदलली. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला.

प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही कुलपे अडवते. नंतर आलेली ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल ही औषधे मुख्यतः बीटा-१ वर, म्हणजे हृदयावर, रोख धरतात. ‘मुख्यतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मात्रा वाढली की हा नेमकेपणा कमी होतो.

ऐन ताणाच्या क्षणी काय घडते?

आता आपल्या वाक्प्रचारांच्या यादीकडे परत येऊ.

छातीतली धडधड आणि ठोक्यांचा जोर ही बीटा-१ ची कामगिरी. बीटा-ब्लॉकर घेतलेल्या माणसात ती लक्षणीय कमी होते. हातांची थरथर मुख्यतः स्नायूंतल्या बीटा-२ मुळे. म्हणून ती प्रोप्रॅनोलॉलने कमी होते, मेटोप्रोलॉलने तितकी नाही. अंगावरचा काटा आणि गार पडलेले हात ही अल्फाची करणी. त्यावर गोळीचा परिणाम नाही. उलट काहींचे हातपाय या गोळ्यांनी अधिकच गार राहतात. घामाचे तंतू अनुकंपी संस्थेचेच असले तरी त्यांचा रासायनिक निरोप वेगळा, म्हणून दरदरून फुटणारा घाम तसाच राहतो. कॉर्टिसॉलची दुसरी वाटही या गोळीने बंद होत नाही. थोडक्यात, गोळी भीतीच्या मैफलीतला तबला मंद करते. बाकीची वाद्ये वाजतच राहतात.

प्रयोगशाळेत हे पाहण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली बसवलेली एक चाचणी जगभर वापरली जाते. निर्विकार चेहऱ्याने बसलेल्या परीक्षकांपुढे माणसाला भाषण करायला लावतात आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला सांगतात. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. इजा काहीच नाही, धोका काहीच नाही, तरी नाडी चढते. कारण चारचौघांत हसे होण्याची भीती ही शरीराच्या लेखी वाघाइतकीच खरी असते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ साली अशाच ताणांचा अभ्यास दोन औषधे वापरून केला. एक औषध अनुकंपी टाच अडवणारे, म्हणजे मेटोप्रोलॉल. दुसरे व्हेगसचा लगाम काढून घेणारे, म्हणजे ॲट्रोपिन. त्यातून असे दिसले की दोन माणसांची नाडी सारखीच वाढली तरी कारण सारखे असेलच असे नाही. एकात टाच जास्त, दुसऱ्यात लगाम सैल. म्हणूनच बीटा-ब्लॉकर घेऊनही ताणाच्या वेळी नाडी थोडीफार वाढते, आणि एकाला ज्या गोळीने साफ उतार पडतो तिचा दुसऱ्याला फारसा गुण येत नाही.

रक्तदाबाची गोष्ट आणखी गमतीची. धडधड थांबली म्हणजे दाबही चढला नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. ताणाच्या क्षणी ॲड्रिनलिन बीटा-२ च्या द्वारे स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल करते. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध ती वाटही बंद करते. मग अल्फाचे आवळणे एकटेच उरते. हृदय कमी रक्त फेकते, पण वाहिन्या अधिक घट्ट होतात. परिणामी ताणाने चढणारा दाब फारसा रोखला जात नाही. ‘मला गोळी चालू आहे, मी कितीही चिडलो तरी काय बिघडते’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

मग फायदा कुठे? तो हृदयाच्या हिशोबात आहे. मिनिटाला साठ ठोके पडतात तेव्हा प्रत्येक ठोक्याला एक सेकंद मिळतो. त्यातला सुमारे एक तृतीयांश आकुंचनाचा, उरलेला विश्रांतीचा. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यत्वे या विश्रांतीत. ठोके एकशेवीस झाले की सेकंदाचा अर्धा होतो आणि कात्री लागते ती विश्रांतीलाच. म्हणजे काम वाढते त्याच क्षणी जेवणाची सुट्टी तोकडी होते. रोहिण्या निरोगी असतील तर हे निभते. अरुंद झाल्या असतील तर निभत नाही. बीटा-ब्लॉकर ही सुट्टी परत मिळवून देतो. शिवाय ॲड्रिनलिनच्या माऱ्याने हृदयाच्या विद्युतप्रवाहात उठणारे जीवघेणे वादळही तो काही प्रमाणात शमवतो. झटका येऊन गेलेल्या ३,८३७ रुग्णांवर अमेरिकेत झालेली प्रोप्रॅनोलॉलची चाचणी १९८१ साली मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. कारण औषध न मिळालेल्या गटात ९.८ टक्के मृत्यू झाले होते आणि औषध घेणाऱ्यांत ७.२ टक्के.

तथापि येथे एक मर्यादा सांगायला हवी. जिना चढताना येणारा हृदयशूळ आणि मनस्तापाने येणारा हृदयशूळ एकसारखे नसतात. मानसिक ताणात नाडी फारशी न वाढताही रक्तपुरवठा तुटू शकतो, कारण रोगट रोहिणी ताणाच्या वेळी सैल होण्याऐवजी आकसते. पुष्कळदा तर दुखतही नाही. या आकसण्यावर बीटा-ब्लॉकरचा थेट इलाज नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात हृदयरुग्णांना सहा आठवडे एस्सिटालोप्रॅम हे मनावरचे औषध दिले, तेव्हा मानसिक ताणातून होणारी ही रक्ततूट थांबलेल्यांचे प्रमाण साध्या गोळीच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाले. हृदयाच्या दुखण्यात मनाचा उपचार हा जोडधंदा नव्हे, याची ही साक्ष.

अचानक ताण हृदयाला किती महाग पडतो?

मराठीत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: ‘ठोका चुकणे’ आणि ‘हाय खाणे’. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत झाले, आणि नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर गेले. त्यांनी पानिपताची हाय खाल्ली, असे आपण परंपरेने म्हणतो. ते आधीपासून आजारीही होते. ती महिनोन्‌महिने पोखरणारी व्यथा. आपला आजचा विषय त्याहून निराळा, क्षणाचा आहे.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथील मृत्युनोंदी तपासल्या असता, रोहिण्यांच्या विकाराने होणारे आकस्मिक मृत्यू आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, ते त्या एका दिवशी २४ झाले. पुढील दिवसांत मात्र ते नेहमीपेक्षाही कमी भरले. अर्थ असा, की ज्यांची हृदये आधीच नाजूक होती त्यांना भूकंपाने थोडे आधी गाठले. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्या, आणि सर्वाधिक फटका आधीपासून रोहिण्यांचा विकार असलेल्यांना बसला. अटीतटीच्या क्रिकेट सामन्याच्या शेवटच्या षटकात घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही आत जाऊन बसा’ असे सांगणारी सून वेडी नसते.

दोन दिवसांच्या चुकलेल्या गोळ्या

आता भगिनींचा पहिला प्रश्न. कुलपे दीर्घकाळ अडवून ठेवली की शरीर स्वस्थ बसत नाही. निरोप पोहोचत नाहीत असे पाहून ते कुलपांची संख्या वाढवते. गोळी चालू आहे तोवर याचा त्रास नाही. गोळी एकाएकी थांबली की मात्र ही सारी वाढीव कुलपे उघडी पडतात, आणि ॲड्रिनलिनचा नेहमीचा झोतही हृदयाला दुपटीचा भासतो. अशा अचानक बंदीनंतर हृदयशूळ उसळल्याच्या व झटके आल्याच्या नोंदी १९७० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हा धोका गोळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत विशेष असतो.

ताई, तुमच्या यजमानांच्या बाबतीत नेमके काय झाले, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दोन रात्रींचे जागरण, घरच्यांची काहीच खबर नसणे, पाण्यातून केलेली मैलोन्‌मैलांची पायपीट, आणि त्यात उघडी पडलेली कुलपे. या चारांनी मिळून घात केला असावा, असे मला वाटते. ‘गोळीची पट्टी मी सकाळी त्यांच्या पिशवीत ठेवली असती तर’ असे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आले आहे. त्या सकाळी स्वच्छ कामाचा दिवस होता. दुपारी दोननंतर काय होणार हे कुणाला ठाऊक नव्हते. हा दोष तुमचा नाही. मात्र त्यातून घ्यायचा धडा आपल्या सर्वांचा आहे. मिलन सबवे दर पावसाळ्यात आपल्याला त्याची आठवण करून देतोच.

तोंडी परीक्षेची गोळी

सभाभीतीसाठी प्रोप्रॅनोलॉलचा वापर नवा नाही. १९७७ साली ब्रिटनमध्ये तंतुवादकांना याच कुळातील ऑक्सप्रेनोलॉल देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे हात स्थिर झाले व वादन सुधारले. नेमबाजीत तर हे औषध स्पर्धेत निषिद्ध आहे; २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके त्यापायी काढून घेण्यात आली. दोन ठोक्यांमधल्या शांततेत चाप ओढता येतो, एवढा त्याचा प्रभाव.

तेव्हा हे औषध डॉक्टर सभाभीतीसाठी देतात, हे खरे. परंतु ते भीती घालवत नाही. भीतीने शरीरात उठणारा गलबला कमी करते. ‘माझी छाती धडधडते आहे, म्हणजे मी नक्की अडखळणार’ ही साखळी ज्यांची असते, त्यांना ती तुटल्याने दिलासा मिळतो. सतत काळजी करण्याचा स्वभाव किंवा दीर्घकालीन चिंताविकार यांवर तो उपाय नव्हे. आणि जे उत्तर पाठ नाही, ते गोळीने आठवत नाही.

चिरंजीवांना मात्र दोन कारणांसाठी खडसावले पाहिजे. पहिले, दमा. श्वासनलिका सैल ठेवण्याचे काम बीटा-२ करते. ते अडले तर नलिका आवळतात. मेटोप्रोलॉल हृदयाकडे रोख धरते हे खरे, पण तो रोख अचूक नाही. शिवाय अशा वेळी दम्याच्या पंपातले औषध ज्या कुलपावर काम करते, तेच अडलेले असू शकते. लहानपणीचा दमा ‘गेला’ असे वाटले तरी तो कधीकधी दबा धरून असतो. दुसरे, ज्यांची नाडी मुळात सावकाश आहे, ज्यांच्या हृदयाच्या विद्युतमार्गात अडथळा आहे, त्यांना एवढ्या एका गोळीने भोवळ येऊ शकते, आणि आपण त्यांतले आहोत हे पुष्कळांना तपासणीशिवाय कळत नाही. वडिलांचा सदरा मुलाला होतो. वडिलांची गोळी होईलच असे नाही. त्याला म्हणावे, भीती फारच असेल तर डॉक्टरांकडे जा, तपासून घे. आणि तोवर घरातल्या चौघांना समोर बसवून, त्यांना मुद्दाम गंभीर चेहरे करायला लावून, चारदा उत्तरे दे. सवयीने भीती बोथट होते, आणि या औषधाला बंदी नाही.

हृदय दगडाचे झाले का?

आता दुसरा प्रश्न. आगीच्या आरोळीने तुमचे काळीज तोंडाशी आले आणि यजमान शांत राहिले, याचे तुम्हाला वाईट वाटले. परंतु नीट आठवून पाहा. तुमच्याच पत्रात पुढे लिहिले आहे, की त्यांनीच आधी शेजारच्या आजींचे दार वाजवले आणि त्यांचा हात धरून त्यांना जिन्याने खाली आणले. दगडाच्या हृदयाचा माणूस असे करीत नाही. त्यांची नाडी चढली नाही. त्यांचे मन जागच्या जागी होते. माया, काळजी आणि भय ही मेंदूत वसतात. छातीतली धडधड हा त्यांचा नगारा आहे, ती स्वतः माया नव्हे. गोळीने नगाऱ्यावर कापड टाकले आहे, एवढेच.

मात्र उत्साह सतत मावळलेला असणे, कमालीचा थकवा, झोपेत भयाण स्वप्ने, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, असे काही असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यात गोळीचा वाटा असू शकतो, मनाच्या उदासीचाही असू शकतो, आणि दोहोंवर उपाय आहेत.

गोळी आयुष्यभर हवी का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. स्वीडनमध्ये प्रामुख्याने झालेली व २०२४ साली प्रसिद्ध झालेली पाच हजारांवर रुग्णांची एक चाचणी सांगते, की झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची रक्त फेकण्याची ताकद शाबूत आहे, त्यांना बीटा-ब्लॉकरचा विशेष लाभ दिसला नाही. ज्यांची ताकद कमी झाली आहे, त्यांना मात्र ही गोळी आयुष्य देते. यजमान कोणत्या गटात आहेत हे इकोच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतील. निर्णय त्यांनी घ्यावा, आणि बंद करायचीच ठरली तर टप्प्याटप्प्याने, आठवडा-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत करावी. एका सकाळी डबा बंद करून नव्हे.

एवढे लक्षात ठेवावे

पावसाळ्यात कामाच्या पिशवीत तीन दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवाव्यात, औषधांची नावे व मात्रा लिहिलेल्या कागदासह.

एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम घेऊ नयेत.

मधुमेह असेल तर विशेष सावध राहावे. साखर घसरल्याचे सांगणारी धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. अकारण घाम फुटला तर आधी साखर तपासावी.

काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा-ब्लॉकरच. दमा असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना तसे सांगावे.

नाडी पन्नासच्या खाली जाऊन भोवळ किंवा अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. फिरायला जाताना नाडीचे आकडे पाहून वेग ठरवू नये. या गोळीवर ते फसवे असतात. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत वेग पुरे.

‘धडधड नाही, म्हणजे हृदय ठीक’ असे समजू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काही जाणवले तर थांबू नये; १०८ ला दूरध्वनी करावा.

ताई, परवा उत्तराची जुळवाजुळव करताना पुन्हा पाऊस लागला होता. तुमच्या पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: यजमान आता घरातून निघताना खिसे चाचपतात, चष्मा, किल्ल्या, पास, आणि तुम्ही दारातून विचारता, “आणि ती?” तेव्हा ते वरचा खिसा थोपटून दाखवतात. हा प्रश्न चालू ठेवा. तो विचारणारे कुणी घरात असणे, हेही औषधच आहे.